आज सुई उचलायची नाही

उस्मानाबादेहून खास वेळ काढून आलेले आजच्या सभेचे अध्यक्ष, जिल्ह्याचा कारभार पाहणारे आदरणीय तालुकदारसाहेब. व्यासपीठावर बसलेले गावातले मान्यवर. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या नळदुर्ग लासलकी केंद्राचे, म्हणजे आपल्या रेडिओचे, मोहतमिम आणि सर्वेसर्वा श्रीमान गुरुसिद्धप्पासाहेब. बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या भगिनी. समोरचे नळदुर्गकर बंधू. आणि ज्यांचे चेहरे मला दिसत नाहीत, पण ज्यांच्यासाठी हा मायक्रोफोन माझ्या तोंडापुढं उभा केला आहे, ते अणदूर, जळकोट, तुळजापूर, बेंबळी इथल्या चावड्यांवर बसलेले आपले श्रोते,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आज मला बोलण्याचा मान मिळाला तो मोहतमिमसाहेबांमुळं. ते स्वतः घरी आले. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, माझ्या निरोपाला तुम्ही बोला. तुमची कॉन्व्हेंटची शिस्त, तुमची गोड भाषा. तुम्ही कधी कुणाला वावगं बोलल्याचं ऐकलं नाही." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की त्यांना थोडं नवल वाटलं असावं. विषयही त्यांनीच दिला. आपल्या केंद्राची रोज सकाळी लागते ती भैरवी. आधी मी तिच्याविषयी चार शब्द बोलायचे, मग ती तबकडी इथं वाजायची, आणि मग तालुकदारसाहेबांनी दोरी ओढून माझ्या मागच्या भिंतीवरच्या पाटीचं फडकं बाजूला सारायचं. संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर काय कोरलं आहे ते झाकून ठेवलं असलं तरी गावात सगळ्यांना ठाऊक आहे: 'चन्नम्मा संगीत कक्ष'. चन्नम्मा म्हणजे साहेबांची थोरली बहीण, जिचा तो आवाज आहे असं आपण आजवर ऐकत आलो.

त्या टेबलावर हार घातलेली पॉलिश केलेली पेटी दिसते, तो नवाकोरा रेडिओ आहे. गावानं साहेबांना दिलेली निरोपाची भेट. साहेब नोकरी संपवून, वजीफा घेऊन सोलापूरला राहायला जात आहेत. सोलापूर काही दूर नाही, तिथंही आपलं केंद्र स्वच्छ ऐकू येतं. ही भेट ज्यांनी सुचवली त्यांचं मी कौतुक करते, कारण ती मीच सुचवली होती.

आणखी एक. पडद्यामागं पहिल्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक पाहुण्या बाई बसल्या आहेत. त्या माझ्याबरोबर आल्या, पुढच्या दारानं आल्या. दारावरच्या शिपायानं जरा पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग बाजूला झाला. त्यांची ओळख यथावकाश करून देईन. आधी सत्कारमूर्ती.

आपलं केंद्र निघालं तो काळ आठवतो का आपल्याला? जहागीरदारसाहेबांची हौस, आणि सरकारचा परवाना. परवान्यात अट घातलेली: बातमी द्यायची नाही, भाषण करायचं नाही, फक्त गाणं-वाजवणं आणि विद्येच्या गोष्टी. लोक हसले. म्हणाले, लढाई पेटली आहे आणि हे लोक तंबोरे लावत बसणार! पण मी मनात त्या अटीला दुवा दिला. साऱ्या जगाच्या लासलकीवर त्या वर्षांत आगबोटी बुडत होत्या, शहरं जळत होती, आणि आपल्या नळदुर्गाहून सकाळी तोडी ऐकू यायची. लढाई संपून वर्ष झालं. त्या लढाईतल्या एकाही गावाचं नाव मला आता आठवत नाही, पण ती तोडी आठवते.

वीज नव्हती, आजही नाही. बोरी नदीच्या उतारावर ते तेलाचं इंजन बसवलं, आणि गफारभाईंच्या ताब्यात दिलं. गफारभाई इंजनही चालवायचे आणि तबकड्याही लावायचे. तेलाच्या हाताला एक साबण, तबकडीच्या हाताला दुसरा. संथ आलाप चालला की इंजनाचे ठोके मायक्रोफोनमध्ये यायचे. सोलापूरहून एक बुवा आले होते. गाता गाता थांबले आणि तबलजीवर डोळे वटारून म्हणाले, "लय वाढवू नका हो!" तबलजी बिचारा हात मांडीवर ठेवून बसला होता. ठेके इंजन देत होतं.

मला तिथं आठवड्यातून एकदा एक तास मिळाला होता. माझे वडील रेल्वेच्या दवाखान्यात होते म्हणून मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले. पियानो शिकले. पुढं छावणीतल्या गोऱ्या बँडवाल्यांच्या मागं फिरून तबकड्या जमवल्या, त्यांत जाझ नावाचं अमेरिकेतलं संगीत होतं. लग्न होऊन नळदुर्गात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत लुगड्यांपेक्षा तबकड्या जास्त होत्या. सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि म्हणाल्या, "ह्या काळ्या भाकरी कशाला आणल्या?" तर तो माझा तास. मोझार्ट-बीथोव्हेन लोक सहन करायचे. जाझला मात्र चावड्यांवर गर्दी व्हायची. बेंबळीच्या चावडीवरचा सरकारी रेडिओ ज्यांच्या हवाली आहे ते धोंडीबा एकदा केंद्रावर आले. मी विचारलं, "धोंडीबा, कसं वाटतं ते संगीत?" ते विचार करून म्हणाले, "लई झ्याक हाय बाई. एकाच घरात लगीन बी लागलंय आन् आग बी लागलीय, आसं वाटतंया."

मी आजवर वाचलेल्या सगळ्या टीकालेखांत हा मला सर्वांत खरा वाटला.

साहेबांच्या कारकिर्दीचं कौतुक करायला मी उभी आहे, हे मी विसरलेले नाही. साहेबांची शिस्त आपण सर्वांनी पाहिली आहे. त्यांच्या काळात केंद्रावर कधी कुणाचा खोकला ऐकू आला नाही. वेळ चुकली नाही. आणि साहेबांना कान आहे. हे मी अगदी मनापासून सांगते. चांगला आवाज कोणता आणि बरा कोणता, हे त्यांना पहिल्या सुराला कळतं. तसा कान नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिल्या वर्षी इथं एक बाई गायला यायच्या. नाव लालबी. नळदुर्गच्याच. कोणत्या गल्लीतल्या, ते मी सांगायला नको. समोर बसलेल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना तो रस्ता तोंडपाठ असेल. हसू नका. बायकांनी हसावं, पुरुषांनी हसू नये.

लालबींना पहिल्यांदा मायक्रोफोनपुढं बसवलं तेव्हा मी तिथं होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "बाई, ऐकणारे कुठं हायत?"

मी म्हटलं, "इथं नाहीत. लांब आहेत. तुळजापुरात, बेंबळीत."

"मंग दाद कशी कळंल?"

"नाही कळणार."

त्यांनी त्या मायक्रोफोनच्या डोक्यावर हळूच थोपटलं. म्हणाल्या, "बिचारं. याला मान बी डोलवता येत न्हाय." आणि डोळे मिटून गायला लागल्या.

त्या दिवशी काय झालं हे शब्दांत सांगता येत नाही, आणि मी प्रयत्नही करणार नाही. एवढंच सांगते की पुढच्या बाजाराला धोंडीबा बेंबळीहून बैलगाडी जुंपून आले आणि पेरूंची एक पाटी केंद्राच्या पायरीवर ठेवून म्हणाले, "लालबी कोन हायत? त्यास्नी म्हनावं ही दाद हाय. बेंबळीची."

लालबींनी त्या पाटीतला एकही पेरू खाल्ला नाही. सगळे वाटून टाकले. रिकामी पाटी मात्र घरी नेली.

आमची मैत्री झाली ती त्या दिवसांतली. माझा तास संपला की मागच्या खोलीत चहा घेत बसायचो. मी त्यांना जाझ ऐकवायची. एकदा एक तुतारीवाला वाजवत होता, अगदी सावकाश. लालबींनी पेला खाली ठेवला. "ह्यो बाबा रडतोय. पर सुरात रडतोय. याची माय गेली आसंल, आन् याला मातीलाबी जाऊ दिलं नसंल." मी कॉन्व्हेंटमध्ये इतकी वर्षं संगीत शिकले, पण ऐकायला मी त्या मागच्या खोलीत शिकले.

मग साहेबांच्या शिस्तीचं एक नवं पर्व सुरू झालं. पहिला हुकूम निघाला की केंद्रावर आता प्रतिष्ठित घरांतल्या मुली शिकायला येतात, तेव्हा 'तसल्या' गायिकांनी मागच्या दारानं यावं. लालबी मागच्या दारानं आल्या. दुसरा हुकूम: गाणं लावावं, पण नाव सांगू नये, नुसतं 'एक गायिका' म्हणावं. लालबी 'एक गायिका' झाल्या. तिसऱ्या हुकमाला त्यांनी येऊच नये असं ठरलं.

त्या दिवशी त्या ओढणीत गुंडाळून एक तबकडी घेऊन आल्या. पहिल्या लढाईच्याही आधी हैदराबादेत एक गोरा साहेब तबकड्या भरायला आला होता, तेव्हा तरण्या लालबींनी ती भैरवी भरली होती. आयुष्यातली एकच तबकडी. बाजारातल्या कधीच संपल्या, ही त्यांच्याजवळची शेवटची. साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "म्या नको तर ऱ्हायलं. ही लावत जावा. ह्यात म्या पोरसवदा हाय. तिनं तर कुणाचं काय वाकडं केल्यालं न्हाय?"

साहेबांनी तबकडी ठेवून घेतली. ऐकली. आणि म्हटलं ना, साहेबांना कान आहे.

ती रोज सकाळी लागू लागली. 'एक गायिका' म्हणून. महिन्याभरात जिल्ह्याला त्या भैरवीचं वेड लागलं. जहागीरदारसाहेबांच्या हवेलीवरच्या बेगमसाहेबांनी मोहतमिमसाहेबांना बोलावून विचारलं, "ये किसकी आवाज है?" पुढची हकिकत साहेबांनी दर वर्धापनदिनी डोळे पुसत आपल्याला सांगितली आहे. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "हुजूर, माझी थोरली बहीण. चन्नम्मा. गेल्याच साली वारली."

मी समजू शकते. बेगमसाहेब समोर, सगळा दरबार समोर, आणि खरं नाव सांगावं तर ते कोणत्या गल्लीतलं? माणूस घाबरतो. पण घाबरून बोललेलं खोटं माणूस दुसऱ्या दिवशी परत घेतो. साहेबांनी ते परत घेतलं नाही. त्याच्यावर शाल घेतली, सनद घेतली, कायमची नोकरी घेतली, आणि आज संगमरवर घेत आहेत. तबकडीवर कंपनीची जी गोल चिठ्ठी असते तिच्यावर तपकिरी कागद डकवला, आणि त्याच्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'चन्नम्माताई'.

चन्नम्मा अक्का माझी शेजारीण होती. तिच्यासाठी मला वाईट वाटतं, म्हणून तिच्याबद्दलही चार शब्द. तिच्या हातच्या शेंगाच्या पोळीसारखी पोळी मी पुन्हा खाल्ली नाही. ती माझ्या मुलांच्या आजारपणात रात्ररात्र बसली. पण गाणं? मठात भजनाला ती फक्त टाळ धरायची. मला म्हणायची, "पार्वती, मी तोंड उघडलं की ध्यानाला बसलेले स्वामी डोळे उघडतात." त्या बाईला मेल्यावर गायला लावलं! पोळीबद्दल पाटी लावा, मी स्वतः हार घालीन. तिला तिच्याच नावानं ओळखू द्या. मेलेल्या बहिणीच्या तोंडात दुसरीचा गळा घालणं, ही माया नाही.

लालबींच्या कानावर 'चन्नम्माताई' गेलं तेव्हा त्या केंद्रावर आल्या. पायरीवर उभ्या राहिल्या. ओसरीवर साहेब होते, चार-पाच प्रतिष्ठित होते, माझा तास संपवून मी बाहेर येत होते. लालबी म्हणाल्या, "साहेब, दुसरं काय बी नको. माझं नाव तेवढं सांगा."

साहेबांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला. आणि सावकाश म्हणाले, "बाई, आवाजावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?"

ओसरीवरचे हसले.

लालबी परत गेल्या. त्यानंतर त्यांनी घरीसुद्धा गाणं म्हटलं नाही. तंबोऱ्याला गवसणी घातली ती आजतागायत निघाली नाही.

मी त्याच संध्याकाळी साहेबांना जाऊन भेटले. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमचा तास चालू राहावा असं वाटतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही वाटत. लालबींचं नाव सांगा आणि माझा तास बंद करा." त्यांनी निम्मी विनंती मान्य केली. माझा तास बंद केला. कारण दिलं, हे हबशांचं संगीत आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही. मी सांगून पाहिलं की साहेब, हे वाजवणारे लोक तिकडं मोठमोठ्या हॉटेलांत वाजवतात, पण त्यांना स्वयंपाकघराच्या दारानं आत घेतात. साहेब म्हणाले, "मग बरोबरच आहे."

मी कचेऱ्यांत जाऊ शकले असते. पण काय घेऊन? माझ्या शब्दापुढं साहेबांचा शब्द होता, आणि लालबींच्या शब्दाला गावात किंमत काय, हे ओसरीवरच्या हसण्यानं सांगितलंच होतं.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की वैऱ्याला क्षमा करावी. मी तो धडा पाठ केला होता. परीक्षेत चांगले गुणही मिळवले होते. साहेब, मी फार प्रयत्न केला. रोज सकाळी तुमची भैरवी लागायची आणि रोज सकाळी माझी क्षमा संपायची.

गेल्या उन्हाळ्यात लालबी आजारी पडल्या. मी जाऊन बसत असे. एक दिवस आमच्या बोलण्यात ती तबकडी निघाली. त्या म्हणाल्या, "तिला शेवटाला चीर पडली, त्येच माझं नशीब. चीर पडली ती बी नावावरच."

मी विचारलं, "नावावर म्हणजे?"

"आगं बाई, तवा तशी रीतच हुती. तबकड्या समिंदरापार जायाच्या छापायला. तिथल्या गोऱ्यास्नी काय कळतंय लालबी कोन आन् कोन कोन? म्हनून गानं सरलं की गानारनीनं मोठ्यांदा आपलं नाव सांगायचं. म्या बी सांगितल्यालं. माझ्याकडं वाजवायचं यंत्र कुठलं, म्या सोता ते कदी ऐकलं न्हाय. पर साहेब म्हनले, तितं चीर गेलीया, वाजत न्हाय."

आपल्या सर्वांना आठवत असेल, ती भैरवी शेवटी एकदम तुटते. सूर अजून खाली उतरत असतो आणि थांबतो. साहेबांनी आपल्यालाही हेच सांगितलं होतं, तबकडी शेवटी खराब आहे. आपण हळहळायचो.

मी केंद्रावर गेले. गफारभाईंना म्हटलं, मला ती तबकडी हातात द्या. उजेडात धरली. शेवटच्या रेषांवरून हळूच बोट फिरवलं. चीर नव्हती, ओरखडाही नव्हता. सारी तबकडी झिजून करडी पडली होती, आणि शेवटचा काठ मात्र काळाभोर, नव्यासारखा. तिथं सुई कधी गेलीच नव्हती.

गफारभाई म्हणाले, "हुकूम हाय बाई. शेवटाला सुई न्यायची न्हाय, आदीच उचलायची. तिकडं काय हाय, म्या बी कदी ऐकलं न्हाय."

साहेब, आवाजावर नाव लिहिलेलं असतं की नाही, हे तुम्ही लालबींना ओसरीवर विचारलंत. तेव्हा उत्तर तुम्हाला ठाऊक होतं. रोज सकाळी तुम्ही ते उत्तर सुईबरोबर उचलून ठेवत होता.

मी ती तबकडी तेव्हा वाजवून पाहिली नाही. आजपर्यंत पाहिलेली नाही. का, ते सांगते. मला ते एकटीनं, मागच्या खोलीत ऐकायचं नव्हतं. लालबींचं नाव मागच्या दारानं पुष्कळदा गेलं आहे. म्हणून त्या शेवटच्या काठावर खरोखर काय आहे, हे मलाही आत्ता माहीत नाही. लालबींची आठवण चूक असेल, किंवा त्या गोऱ्या साहेबानं ते नाव कापून टाकलं असेल, तर आज माझी फजिती होईल. मग मी साहेबांचे सर्वांसमक्ष पाय धरीन आणि ती पाटी रोज पदरानं पुसत जाईन. हे माझं वचन आहे, आणि ते सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं आहे.

हा माझा स्वतःचा ग्रामोफोन. ही केंद्राची तबकडी. कार्यक्रमात तिचं नाव आहेच, मी फक्त वेळेवर लावत आहे.

चावड्यांवर बसलेल्यांना दिसत नाही म्हणून सांगते: मोहतमिमसाहेब उठून उभे राहिले आहेत. आता ते शिपायाला खूण करत आहेत, इंजन बंद करायला सांग म्हणून. शिपाई कुठं पाहावं ते न कळून तालुकदारसाहेबांकडं पाहत आहे. साहेब, इंजन नदीच्या उतारावर आहे. तिथवर माणूस जाऊन पोचेपर्यंत गाणं संपेल. आपण बसून घ्यावं. निरोपाच्या वेळी सत्कारमूर्तीनं उभं राहू नये, लोकांना वाटतं ते निघाले.

अध्यक्षमहाराज काय म्हणाले ते मायक्रोफोनवर आलं नसेल. ते म्हणाले, "बजाइए."

पियानो शिकवणाऱ्या सिस्टर फिलोमिना आमच्या बोटांवर पट्टी मारायच्या. चुकलं म्हणून मारायच्या नाहीत. शेवटचा सूर वाजवण्याआधी कुणी उठलं तर मारायच्या. आज सुई मी उचलणार नाही.

(इथं तबकडी लावण्यात आली. ती शेवटपर्यंत वाजली.)

ऐकलंत?

ज्यांच्या रेडिओच्या बॅटऱ्या उतरल्या असतील त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. गाणं उतरत उतरत पूर्ण खाली आलं. पहिल्यांदाच आलं. मग थोडं थांबून एक कोवळा आवाज खणखणीत म्हणाला, "मेरा नाम लालबी, नळदुर्गवाली." आणि त्यानंतर, हे मलाही ठाऊक नव्हतं, ती पोरगी खुदकन हसली.

तिकडं आता नुसती खरखर येत असेल. मी सांगते काय चाललं आहे. पडद्यामागं पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पाहुण्या बाईंनी चिकाचा पडदा हातानं बाजूला केला आहे. त्या लालबी आहेत. ही त्यांची ओळख. त्या काय म्हणाल्या तेही सांगते. त्या हसून म्हणाल्या, "आगं बाई, हसल्यालं बी धरून ठिवलं व्हय त्या यंत्रानं!"

ओसरीवरच्या त्या दिवसानंतर मी त्यांना आज पहिल्यांदा हसताना पाहिलं. पुढच्या रांगेत त्या दिवशी ओसरीवर हसलेले दोघे-तिघे बसले आहेत. ते आज हसत नाहीत. मी त्यांची नावं घेणार नाही. बिननावाचं राहणं कसं असतं, हे त्यांनाही थोडं कळू दे.

तालुकदारसाहेब मोहतमिमसाहेबांना विचारत आहेत, "ये क्या माजरा है?" मोहतमिमसाहेब म्हणत आहेत की तबकडी जुनी आहे, घोटाळा झाला असावा. होय साहेब, जुनी आहे. तुमच्या शालीहून, सनदेहून आणि त्या संगमरवराहून जुनी आहे.

अध्यक्षमहाराज, पाटीची दोरी आपल्या हाती आहे. ओढायची तर ओढावी. खाली कोरलेलं नाव सगळा गाव वाचेल आणि प्रत्येक अक्षराला त्याला हा आवाज आठवेल. नसेल ओढायची तर फडकं तसंच राहू द्यावं, झाकलेली पाटीही पुरेसं सांगते. मला दोन्ही चालेल.

श्रोतेहो, तालुकदारसाहेबांनी दोरी सोडून दिली आहे.

मग आता माझी एकच विनंती, आणि ती सत्काराला धरूनच आहे. उद्या सकाळपासून ही भैरवी केंद्रावरून शेवटपर्यंत वाजावी, एवढा हुकूम अध्यक्षमहाराजांनी इथंच, या मायक्रोफोनपुढं द्यावा.

ते म्हणाले, "बजेगी. पूरी बजेगी." शुक्रिया, साहेब.

मोहतमिमसाहेब, आपल्याला निरोप देताना माझं मन भरून आलं आहे. हार घातलेला तो रेडिओ विसरू नका. चांगला आहे, मी स्वतः लावून पाहिला आहे. सोलापूरच्या घरात तो ओसरीवर ठेवा. सकाळी चष्मा पुसत बसाल तेव्हा ती भैरवी लागेल. आपल्याला ती आवडते, कारण आपल्याला कान आहे. शेवटी ती पोरगी स्वतःचं नाव सांगेल, आणि हसेल. आपण रेडिओ बंद केलात तरी शेजारच्या घरात ती सांगेल, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात सांगेल. रोज. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, अशी मी तुळजाभवानीजवळ मनापासून प्रार्थना करते. उदंड.

बेंबळीचे धोंडीबा, आपण ऐकत असाल. पेरूंचा हंगाम आहे. लालबींचं घर आपल्याला माहीत नाही, तर कुणालाही विचारा. त्यांच्या नावानं विचारा, कुणीही दाखवील.

अध्यक्षमहाराजांनी मला मध्ये थांबवलं नाही, त्यांचे आभार. उतारावर इंजनापाशी बसलेल्या गफारभाईंनी ठोका चुकू दिला नाही, त्यांचे आभार. आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, आपले आभार. मी सभेत बोलणारी बाई नाही. बोलण्याच्या भरात कुठं अधिकउणं झालं असेल तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं.

मोहतमिमसाहेबांनी घालू नये. त्यांनी लक्षात ठेवावं.

नमस्कार.